स्मिअर ‘अ‍ॅबनॉर्मल’ आला म्हणजे कॅन्सर नव्हे

आज ओपीडीत पुन्हा तेच. रिपोर्टवर ‘एएससी-यूएस’ आणि घरच्यांनी कॅन्सर धरूनच ठेवलेला. बायांनो, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी) ही चाळणी आहे, निदान नाही. एएससी-यूएस म्हणजे काही पेशी वेगळ्या दिसल्या, पण बिघाड म्हणण्याइतक्या नाहीत. साधी सूज किंवा पाळी गेल्यावरचा कोरडेपणा असला तरी असं दिसतं. अशा वेळी एचपीव्ही, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या आणि पुढे या मुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूची चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली, तर बहुतेकदा कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं मुख मोठं करून पाहणं.

‘एचएसआयएल’ (पेशींत जास्त गंभीर बिघाड) आला तर मात्र वेळ काढू नका, थेट कॉल्पोस्कोपी. गर्भाशयाच्या मुखाला ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं की मिनिटभरात संशयित भाग पांढरा पडतो. तिथूनच तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायॉप्सीला घेतात. खरं निदान त्यावर होतं.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हटलं की नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय. कृपा करून हे थांबवा. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आला हे चाचणी सांगत नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला, विशेषतः १६ किंवा १८ प्रकार, तर काळजी.

रिपोर्ट ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ असेल तर पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत किंवा रक्ताने झाकल्या गेल्या. २ ते ४ महिन्यांनी पुन्हा करा. पाळीत नको, आणि आधीचे ४८ तास योनीत गोळी-क्रीम, संबंध नको.

आणि संबंधानंतर रक्त जात असेल, तर स्मिअर नॉर्मल असला तरी तपासून घ्या.