शिंगांविना दर्शन

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर पहिल्यांदा फसतो तो हात. महादेवाचं देऊळ म्हटलं की तो आपसूक पुढे होतो. नंदीच्या उजव्या अंगाला बसायचं, डावा हात वृषणावर, उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा दोन शिंगांवर, आणि मधल्या फटीतून पिंडी बघायची. मान जास्त वाकली तर नुसती शाळुंका दिसते, कमी वाकली तर पुजाऱ्याची पाठ. इथे हा खटाटोप नाही, कारण नंदीच नाही.

बोलावणं नसताना सती दक्षाच्या यज्ञाला निघाली ती नंदीवर बसून. तिथे तिने देह टाकला, महादेव कोपले, आणि विष्णूने त्यांना समजावलं. म्हणून गाभाऱ्यात लिंगं दोन: कोपलेला कोपेश्वर आणि समजूत घालणारा धोपेश्वर. नंदी गेला तो कृष्णाकाठच्या यडूरलाच राहिला म्हणतात. वाहन परत आलं नाही, याची कथेत कुणाला खंत दिसत नाही.

नंदी नाही, म्हणून आल्याआल्या आत शिरायची घाई करू नये. आधी स्वर्गमंडपात थांबावं. अठ्ठेचाळीस खांब, एकाच खांबात चौकोन, अष्टकोन आणि वर्तुळ. मधल्या बारा खांबांवर छत येऊन थांबतं आणि वर गोल आकाश उरतं. खाली तेवढीच गोल शिळा. भर दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. कडेच्या खांबांच्या सावलीतून फिरावं. उन्हातून थेट सभामंडपात गेलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, उंबऱ्याला ठेच ठरलेली. दोन मिनिटं डोळे निवू द्यावेत, मग कोरीवकाम एकेक करून वर येतं.

कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या झरोक्याच्या वर येतो, तेव्हा गर्दी लोटते. यात चमत्कार शोधायची गरज नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे कार्तिकात तो साधारण मे महिन्यातल्या सूर्याच्या वाटेने जातो, आणि मेच्या सुरुवातीला खिद्रापुरात सूर्य भर माथ्यावर असतो. चंद्राची वाट पाचेक अंश इकडेतिकडे सरकते, म्हणून एखाद्या वर्षी उजेडाचं वर्तुळ शिळेवर नेमकं बसत नाही. तेवढ्याने कुणी परत जात नाही.

दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा लेख आहे, देवाला गाव दिल्याचा. तो वाचायला फारसं कोणी थांबत नाही. बाहेर देऊळ पाठीवर घेतलेले हत्ती रांगेने उभे आहेत, पण हत्तीच्या कानात नवस सांगायची रीत नाही.

नवस बोलायचाच असेल तर यडूर गाठायचं. म्हणजे कर्नाटकात.