एक गोल बटण

लेकीच्या नव्या फोनला भोकच नाही. चार्जिंगचं आहे, पण हेडफोनची वायर खुपसायचं ते गोल, ३.५ मिलिमीटरचं नाही. त्यामुळे आमच्या गाडीत गिअरपाशी वर्षानुवर्षं वेटोळं घालून पडलेली, फोनमधलं गाणं गाडीच्या स्पीकरपर्यंत नेणारी ऑक्सची वायर एका दुपारी अचानक बेकार झाली. "आई, ब्लूटूथवाली सिस्टीम घे आता," असं म्हणून लेक कानात तिची ती बिनवायरची बोंडं घालून मागच्या सीटवर आडवी झाली. पुढे माझ्या शेजारी बाबा बसले होते. ते म्हणाले, "चांगला चाललाय की टेप." गाडीत जे काही वाजतं तो बाबांच्या लेखी टेपच.

पुण्यात नाना पेठेत गाडीचं काहीही मिळतं. फक्त आपल्याला हवं असतं ते सगळ्यात शेवटी दाखवतात. दुकानातल्या मुलानं आधी माझ्यासमोर एक भलामोठा काळा पडदा धरला. "मॅडम, ९ इंची अँड्रॉइड. ४ जीबी रॅम, ६४ जीबी मेमरी. कपलर टू कपलर बसतो, एकही वायर कापायची नाही. रिव्हर्स कॅमेरा फ्री."

"आवाज कमीजास्त कुठून करायचा?"

"टच आहे ना. इथून असं."

"फिरवायचं बटण?"

"ते आता येत नाही मॅडम." मग जरा दया येऊन, "सरांना एकदा दाखवून घ्या."

सरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी चालवता येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. दया दुप्पट झाली असती.

पण बटणावर मी अडून राहिले. ही माझी खोड आहे आणि ती जायची नाही. काचेवर बोट लावायचं तर आधी काचेकडे बघावं लागतं, आणि पुण्यात एका क्षणासाठी रस्त्यावरून नजर काढली की दुचाकीवाला बरोबर त्याच क्षणी डावीकडून येतो. गोल बटणाकडे बघावं लागत नाही. ते हाताला सापडतं. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी युरो एनकॅप नावाची संस्था आहे. तिनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना खरीखुरी बटणं असावीत, नाहीतर गुण कापू, असं ठरवलं. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. मग नीट यादी बघितली. आवाजाचं बटण त्यात नाही. युरोपातले लोक पत्ता शोधताना गाणं बारीक करत नसावेत.

आपण करतो. गल्ली सापडत नसेल तर आधी गाण्याचा आवाज कमी करायचा आणि मग पाट्या वाचायच्या. कानाचा आणि पाट्यांचा काय संबंध, हे विचारायचं नाही. बाबाही हेच करायचे.

बाबांची मारुती ८००, म्हणजे नव्वदच्या दशकातली. तिच्यातल्या डेकचं गोल बटण हे बाबांच्या बोलण्याचं साधन होतं. तसे ते गाडीत फारसं बोलत नसत. आवाज कमी झाला की आम्ही ओळखायचो: पुढे पोलीस आहे, किंवा रस्ता चुकलाय, किंवा इंजिनातून काहीतरी नवीन ऐकू येतंय. अगदी शून्यावर गेला तर आई काहीतरी बोललीय आणि ते त्यांना पटलेलं नाही. आवाज वाढला तर मागच्या सीटवर आजी आणि आत्या नातेवाइकांवर आल्या. विषय एखाद्या घटस्फोटापर्यंत पोचला की तबला काचा हलवायचा. आजी म्हणायची, "काय गं हा दंगा," आणि बाबा समोर बघत स्टिअरिंगवर ताल धरायचे.

त्या डेकचं तोंड निघायचं. तेव्हा गाड्यांच्या काचा फोडून डेक चोरायचे, म्हणून कंपन्यांनी ही युक्ती काढली होती: समोरची बटणांची पट्टी काढून न्यायची, मग मागे राहिलेला डबा चोराच्या काय कामाचा? पट्टीला चष्म्याच्या घरासारखी काळी डबी मिळायची. बाबा कुठेही गेले की ती डबी सफारीच्या खिशात. लग्नात, बारशाला, बाराव्यालाही. मावसबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता काढायला त्यांनी खिशात हात घातला आणि मूठभर तांदळाबरोबर डेकचं तोंड बाहेर आलं. शेजारच्या काकांनी ते हातात घेऊन, उलटसुलट करून, किंमत विचारून परत दिलं. तोवर "सावधान" दोनदा होऊन गेलं होतं.

एकदा चिपळूणला निघताना ते तोंड घरी फ्रिजवरच राहिलं. कात्रजच्या बोगद्यात बाबांच्या ते लक्षात आलं. परत फिरायला आईनं साफ नकार दिला. मग डॅशबोर्डमधल्या त्या बिनतोंडाच्या डब्याकडे बघत आम्ही सगळे चिपळूणला गेलो. आईनं भेंड्या सुरू केल्या, दोन फेऱ्यांत सगळे 'ण'वर अडले, आणि पाटणपर्यंत गाडीत भांडण सोडून दुसरं काही ऐकू आलं नाही.

एरवी तो रस्ता आम्हाला कॅसेटींनी पाठ होता. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू झाल्या की खंबाटकी जवळ आला. सातारा नाट्यगीतांत जायचा. उंब्रजला उजवीकडे वळलं की भावगीतं. कोयनानगरनंतर कुंभार्ली घाट लागायचा, तिथे काहीच नाही, कारण घाटात बाबांना इंजिन ऐकायचं असायचं. पंडित भीमसेन जोशी स्वतः गाडी हाकत मैफलींना जायचे, हे बाबांचं लाडकं उदाहरण होतं. आई म्हणायची, "जायचे ना, पण त्यांना डेक लागत नव्हता."

कॅसेटी बहुतेक भरून घेतलेल्या. म्हणजे दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी कॅसेट आणायची. दुकानदार शेवटी जागा उरली तर त्याच्या आवडीचं एखादं गाणं फुकटात भरायचा. ते नेमकं अर्ध्यावर तुटायचं. अशी कितीतरी गाणी मला अजून अर्धीच येतात.

मग भावाचा डिस्कमन, म्हणजे हातात मावणारा सीडी प्लेअर आला, आणि तो डेकला जोडायला ती खोटी कॅसेट. दिसायला कॅसेट, आत रीळ नाहीच, बाहेर एक वायर लोंबतेय. टेपचं हेड जिथे रिळाला टेकायचं तिथे या कॅसेटचं हेड टेकायचं, आणि गाणं चुंबकातून चुंबकात जायचं. हे मला तेव्हा जादूच वाटायचं, आणि खरं म्हणजे अजूनही वाटतं. त्यापुढे ब्लूटूथ अगदीच रूक्ष.

पुढे माझी गाडी आली तेव्हा एफएम ट्रान्समीटरचंही एक प्रकरण होऊन गेलं. लायटरच्या भोकात खोचायचं एक बोटभर यंत्र. ते ८७.५ ते १०८ मधल्या कुठल्यातरी रिकाम्या जागी आपलं स्वतःचं स्टेशन काढतं आणि डेक ते पकडतो. पुण्यात रिकामी जागा शोधण्यातच सिंहगड रस्ता संपायचा. एकदा सिग्नलला उभे असताना आमची ठुमरी बुडाली आणि स्पीकरमधून खणखणीत हनुमान चालिसा सुरू झाली. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनीही नेमकी तीच जागा निवडली होती. त्यांच्याकडे आमची ठुमरी गेली का, हे कळायच्या आत सिग्नल सुटला.

त्यापेक्षा ऑक्सची वायर बरी. फक्त तिचंही एक दुखणं होतं. भावानं कॅलिफोर्नियाहून आयपॉड आणून दिला. जुना, चाकाचा. त्यात त्यानं बाबांच्या सगळ्या कॅसेटी खरखरीसकट भरून आणल्या होत्या. दुकानदाराची अर्धी गाणीसुद्धा. तो चार्जिंगला लावून ऑक्सवर ऐकायला गेलं की गाण्यामागे एक बारीक 'कुंईं' यायची. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची, सिग्नलला खाली उतरायची. बाबा डोळे मिटून म्हणाले, "गाडीनं काळी चार लावलीय. आणि आता सोडलीन्." तो सूर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या अल्टरनेटरचा असतो. चार्जरची अर्थिंग एकीकडून, डेकची दुसरीकडून, आणि ऑक्सची वायर त्या दोघांना जोडून वर्तुळ पुरं करते. मध्ये एक छोटी डबी लावली की जातो. आत इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पुढे जातं, 'कुंईं' मागे राहते. डबी लावल्यावर काही दिवस बाबांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तर नाना पेठ. शेवटी फळीच्या मागून एक खोकं निघालं. एकेरी डेक, १८० बाय ५० मिलिमीटर, म्हणजे जर्मनांनी ठरवलेलं तेच जुनं माप. बाबांच्या मारुतीतसुद्धा हा बसला असता. ब्लूटूथ आहे, यूएसबी आहे, पुढे ऑक्सचं भोक आहे, आणि डाव्या बाजूला गोल बटण. मी दुकानातच ते फिरवून बघितलं. पुरतं गुळगुळीत नाही, बारीक खटके देत फिरतं. मुलानं हताशपणे पावतीपुस्तक उघडलं.

जुना डेक उपटल्यावर मागून वायरींचा गुंता निघाला, काळ्या टेपनं लिंपलेला. मुलानं तो उकलला आणि एकदम खूश झाला. "मॅडम, तुमचं घड्याळ रोज बारावर जायचं का?" जायचं. गाडी घेतल्यापासून जायचं, लावलेली स्टेशनंही पुसली जायची. मी तो गाडीचा स्वभाव समजत होते. लाल वायर किल्लीची, पिवळी थेट बॅटरीची. किल्ली काढल्यावरही पिवळीतून थेंबभर वीज चालू राहते, म्हणून डेकला सगळं आठवतं. आधीच्या फिटरनं दोन्ही किल्लीलाच जोडल्या होत्या. दहा मिनिटांत घड्याळ चालू झालं. बाबा म्हणाले, "मी म्हणत होतो." ते काहीही म्हणत नव्हते.

आता गाडीत सगळं काही जोडता येतं आणि तोच नवा घोळ आहे. ब्लूटूथवर आवाज दोन ठिकाणी असतो, एक फोनमध्ये आणि एक डेकमध्ये. लेकीनं फोनमध्ये बारीक करून ठेवला की मी बटण ३५ पर्यंत नेते, आणि मग माझा फोन जोडला गेला की नकाशातली बाई "पुढे डावीकडे वळा" असं किंचाळते. डेक शेवटचा भेटलेला फोन आधी शोधतो. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि गाडी बरोबर बाल्कनीखाली असते. मी किल्ली फिरवली की कधीकधी वर घरात नवऱ्याचा ऑफिसचा कॉल चालू असतो तो खाली गाडीत येतो. वर तो "हॅलो, हॅलो" करत राहतो, खाली मला त्यांच्या तिमाहीचे आकडे कळतात. चांगले नाहीयेत.

आणि ब्लूटूथवर आलेला फोन अख्ख्या गाडीला येतो. त्यामुळे उचलल्या उचलल्या "गाडीत आहे हं, सगळे आहेत" असं म्हणायची आता रीतच पडली आहे. समोरचा माणूस लगेच सोज्वळ होतो आणि सगळ्यांना नमस्कार सांगतो. पण आत्याला ही रीत ठाऊक नाही. तिला ऐकूही कमी येतं. परवा खेड शिवापूरच्या टोलनाक्याला गाड्या खोळंबल्या होत्या आणि तिचा फोन आला. मी "गाडीत आहे हं" म्हणायच्या आत तिनं सुरुवात केली.

"अगं, दादा काही ऐकत नाही माझं. तो त्या जमिनीचं..."

दादा म्हणजे बाबा. ते माझ्या शेजारीच बसलेले. मी फोन कापायला बोट पुढे केलं, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला, गोल बटणाला चिमटीत धरलं आणि उजवीकडे फिरवलं. खट, खट, खट. आत्याचा आवाज डॅशबोर्डातून, दारांतून, मागच्या फळीतून यायला लागला. लेकीनं कानातली बोंडं काढली. काचा खाली होत्या. शेजारच्या टेम्पोवाल्यानं मान वळवली.

"बोल," बाबा मोठ्यानं म्हणाले, "जमिनीचं काय?"

पलीकडे सगळं शांत झालं. मग आत्या म्हणाली, "कोण, दादा का? जेवलास का रे?"