तुम्ही विचारलंत म्हणून: त्या एवढ्याशा सीटवर दुखत नाही का?

हा प्रश्न मला बायका लिफ्टमध्ये विचारतात, तेही आवाज खाली आणून. आधी 'आज किती किलोमीटर', मग 'एकटीच जातेस का गं', आणि दार उघडायच्या जरा आधी, 'पण त्या एवढ्याशा सीटवर... म्हणजे... दुखत नाही का?' पुरुष हे विचारत नाहीत, ते डायरेक्ट सायकल केवढ्याला पडली ते विचारतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुखायचं. चांगलंच दुखायचं. त्रेचाळिसाव्या वर्षी रोड बाईक (म्हणजे पातळ टायरची, पुढे वाकून चालवायची सायकल) घेतली आणि पहिले चार महिने रविवारी खडकवासला करून आले की सोमवारी ऑफिसात मी खुर्चीच्या एका कडेवर बसायचे, कोणी विचारलं तर पाठ धरलीय म्हणायचे. आता शंभर किलोमीटर झाले तरी काही होत नाही. मधे जे काही झालं ते सांगते, पण एक आधीच सांगून ठेवते, 'हळूहळू सवय होते' असं जे सगळे सांगतात ना, ते फार तर अर्धं खरं आहे. पहिले दोन-तीन आठवडे बूड ठणकतं ते सवयीचं. त्यानंतरही दुखत असेल, किंवा बधिर होत असेल, तर कुठेतरी काहीतरी चुकीचं बसवलेलं आहे.

मी काय केलं, तर पहिल्यांदा जेलचं कव्हर आणलं. जाड, मऊ, उशीसारखं. कारण डोक्यात शाळेतली लेडीज सायकल होती, स्प्रिंगवाली रुंद सीट, त्यावर दप्तर लावून किती फिरलोय, कधी काही झालं नाही. पण त्या सायकलवर आपण ताठ बसायचो, सगळं वजन सीटवर, आणि जायचं किती तर शाळेपर्यंत. रोड बाईकवर कंबरेतून पुढे वाकावं लागतं, वजन पाय, हात आणि सीट तिघांत वाटलं जातं, आणि मऊ गादी असेल तर हाडं खाली रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. दहा किलोमीटर छान वाटलं. वीसला मुंग्या. तिसाला मी उभी राहून पेडल मारत घरी आले, आणि ते कव्हर आता बाल्कनीत मांजराला बसायला आहे.

मग कळलं की प्रश्न मऊपणाचा नाही, रुंदीचा आहे. बूड टेकतं ते दोन हाडांवर, आणि त्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, वजनाशी किंवा जाडीशी त्याचा काही संबंध नाही. हे घरी मोजता येतं. पार्सलच्या खोक्याचा नळ्यानळ्यांचा पुठ्ठा घ्यायचा, जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ पँट घालून त्यावर बसायचं, सायकलवर वाकतो तेवढं पुढे वाकायचं आणि दोन मिनिटं हलायचं नाही. उठून पुठ्ठा उजेडात तिरका धरला की दोन खळगे दिसतात. नसेल दिसत तर खडू आडवा फिरवा, खळगे कोरे राहतात. माझ्या दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत तेरा सेंटिमीटर भरले. सायकलबरोबर आलेली सीट अख्खी मोजली तर साडेतेरा, आणि तिच्या कडा खाली वळलेल्या, म्हणजे माझी हाडं चार महिने उतारावर बसलेली होती. मध्ये खाच असलेली, 155 मिलिमीटरची, बऱ्यापैकी कडक सीट आणली. कडक म्हटल्यावर सासूबाईंना पटेना, पण हाडाखाली कडक आणि मधे मोकळं, हेच हवं असतं.

सायकलिंगच्या शॉर्ट्सचं एक पटकन सांगते, कारण हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. काहीही. मी तीन महिने आत घालत होते आणि शिवणीने कातडी सोलून निघत होती. पॅड थेट अंगाला, लांब जायचं असेल तर घासतं तिथे व्हॅसलीन, आणि घरी आल्या आल्या शॉर्ट्स धुवायला. एकीवर दोन राईड नाही.

आता खरी गंमत. जुनी सीट असताना पुढून टोचतं म्हणून मीच एकदा एलन की (षटकोनी चावी) घेऊन तिचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली केलं होतं. लगेच बरं वाटलं. आपण हुशार, असं वाटलं. नवीन सीट पण मी तशीच, नाक खाली करून बसवली. मग एक दिवस पानशेत रस्त्याने परत येऊन दाराशी उभी राहिले आणि कुलपात किल्ली फिरेना. किल्ली बरोबर, कुलूप बरोबर, बोटांत जोर नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपलेलं, अंगठ्याने चिमटीत धरलेली किल्ली घसरतेय. शेजारच्या काकूंनी दार उघडून दिलं.

मला वाटलं ग्लोव्ह्ज बदलायला हवेत. बदलले. काही नाही. हँडलला जाड टेप गुंडाळली. काही नाही. शेवटी एका रविवारी सीटवर पुठ्ठ्याची वही ठेवली, वहीवर मोबाईल, त्यात लेव्हलचं अ‍ॅप, आणि आकडा आला सात अंश खाली. म्हणजे प्रत्येक पेडलला मी पुढे घसरत होते आणि तळहातांनी स्वतःला मागे ढकलत होते, दोन-दोन तास. करंगळीकडे जाणारी नस तळहाताच्या त्या कडेवरूनच जाते, हँडलवर तीच चेंगरते. सीट जवळजवळ सपाट केली, एखादा अंश खाली, कोपर जरा सैल ठेवायला लागले, आणि तीन राईडमध्ये बोटं जागी झाली. दुखत होतं हातात, चूक होती बुडाखाली. (हात बरेच दिवस बधिर राहत असतील तर मात्र लेव्हल वगैरे नंतर, आधी डॉक्टर.)

गुडघ्याचं पण तसंच. सायकल घेतली तेव्हा दुकानातल्या मुलाने सीटची उंची कशी ठरवली, तर 'मॅडम, दोन्ही पाय टेकतायत ना जमिनीला?' टेकत होते, आणि म्हणूनच सीट पाच सेंटिमीटर खाली होती. चढावर वाटीच्या पुढे कळ यायची, मी म्हटलं झालं, वय झालं. खरं तर रोड बाईकवर बसल्या बसल्या पाय टेकायचेच नसतात, थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. उंची बघायची सोपी रीत म्हणजे भिंतीला धरून बसायचं, टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली न्यायचं आणि पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो. आकडा हवा असेल तर तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने एक हिशोब चालतो. भिंतीला पाठ लावून, एक जाड पुस्तक जांघेत घट्ट वर ओढून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि 0.883 ने गुणायचं. माझे 73, म्हणजे साडेचौसष्ट सेंटिमीटर, क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तिथून, सीटच्या वरच्या बाजूपर्यंत. सुरुवातीला धरायला ठीक आहे, देवाचं वाक्य नाही.

मी उत्साहात एकदम साडेसहासष्टला नेली. आता दुखणं वाटीच्या पुढून गेलं आणि गुडघ्याच्या मागे आलं, आणि मागून येणारी मैत्रीण ओरडली, 'अगं तुझी कंबर झुलतेय!' पुढे दुखलं तर सीट खाली आहे, मागे दुखलं तर वर आहे, असं ढोबळ धरा. तेव्हापासून मी एका वेळी पाच मिलिमीटर हलवते आणि आधीच्या जागी सीटच्या दांडीला काळी इलेक्ट्रिकची टेप लावून ठेवते, म्हणजे चुकलं तर परत येता येतं. आणि एका वेळी एकच गोष्ट. सीट वर पण केली, मागे पण सरकवली, तर बरं कशाने वाटलं ते कळतच नाही. गुडघ्याला गिअरने पण फरक पडतो, मी चढावर मोठा गिअर रेटत बसायचे, आता हलका टाकून पाय भरभर फिरवते.

हवेबद्दल, दुकानात 110 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतात, टायरवर जो कमालीचा आकडा असतो त्याच्या जवळपास. आपल्याकडचे रंबलर आणि खड्डे बघता हे कशासाठी, मला कळत नाही. माझं वजन 62 किलो, टायर 28 मिलिमीटर रुंदीचे, मी पुढे 65 आणि मागे 70 ठेवते. खांद्यांचं अवघडणं गेलं.

एकच गोष्ट आता दुरुस्त होण्यासारखी नाही. सायकलच मला एक साईझ मोठी आहे, डिस्काउंटमध्ये तीच उरली होती आणि 'सीट खालीवर करून बसेल' म्हणून विकली. सीटने उंची बसते, हँडलपर्यंतचा हात नाही बसत. स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, 100 मिलिमीटरचा काढून 80 चा लावला, आठशे रुपयांत बरंच भागलं, वळताना हँडल जरा चटकन फिरतं त्याची सवय झाली. पण ऐंशी किलोमीटरच्या पुढे मान अवघडते ती अवघडतेच. तुम्ही घेणार असाल तर रंग आणि डिस्काउंट नंतर, साईझ आधी.

परवा काकू पार्सलचा पुठ्ठा मागून घेऊन गेल्या, सुनेला सायकल घ्यायचीय म्हणाल्या. संध्याकाळी मेसेज आला, 'चौदा'. आणि थोड्या वेळाने दुसरा, 'मी पण बसून बघितलं. माझे साडेबारा.'