अपडेटनंतर अ‍ॅड-ऑन बंद पडलं? आधी डेटा वाचवा

ब्राउझर अपडेट होऊन पुन्हा उघडला आणि टूलबारवरचं रोजच्या अ‍ॅड-ऑनचं (ब्राउझरला जास्तीची सोय जोडणारं छोटं सॉफ्टवेअर, क्रोममध्ये 'एक्स्टेन्शन') बटण गायब झालं, की बहुतेकांचा हात लगेच 'रिमूव्ह'कडे जातो. काढू, परत टाकू, होईल चालू. हे करू नका. फायरफॉक्स असो की क्रोम, अ‍ॅड-ऑन काढलं की त्याने साठवलेला डेटाही त्याच्यासोबत पुसला जातो: स्वतः लिहिलेले फिल्टर, यूझरस्क्रिप्ट (साइटचं वागणं बदलणारे छोटे कोड), टॅबचे गट, एकेका साइटसाठी लावलेल्या सेटिंग. अ‍ॅड-ऑन म्हणजे काही एमबीची फाइल, ती बहुधा परत मिळते. आतला डेटा मात्र बऱ्याचदा फक्त तुमच्याच मशिनवर असतो. नुसतं 'डिसेबल' केलं तर तो जागच्या जागी राहतो, तेव्हा काही करायचंच असेल तर तेवढंच करा.

सिंक (सगळ्या मशिनवर ब्राउझरची तीच माहिती ठेवणारी सोय) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फायरफॉक्स सिंक अ‍ॅड-ऑनची यादी एका मशिनवरून दुसऱ्यावर नेतं. त्यांचा आतला डेटा सहसा नेत नाही. वर एका मशिनवर काढलेलं अ‍ॅड-ऑन सिंकमुळे दुसऱ्यावरूनही निघून जातं. म्हणजे ज्या लॅपटॉपवर सगळं अजून ठीक चालू आहे, तिथलाही डेटा गमावून बसाल. दुरुस्तीला हात घालण्याआधी सिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅड-ऑनसमोरची खूण काढून टाका.

मग प्रोफाइलची, म्हणजे ब्राउझर तुमच्या सेटिंग आणि डेटा ज्या फोल्डरमध्ये ठेवतो त्याची, प्रत. फायरफॉक्सच्या मेन्यूत 'हेल्प', त्यात 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की प्रोफाइल फोल्डरची ओळ दिसते आणि तिच्यापुढेच फोल्डर उघडायचं बटण असतं. फोल्डर उघडून ठेवा, ब्राउझर पूर्ण बंद करा आणि मगच कॉपी करा. चालू ब्राउझर आतल्या डेटाबेस फाइलींमध्ये सतत लिहीत असतो. तेव्हा घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते, आणि हे कळतं ते ती परत लावायची वेळ आल्यावर.

पूर्ण फोल्डर घ्या, निवडक फाइली नकोत. याला ठोस कारण आहे. अ‍ॅड-ऑन टाकताना फायरफॉक्स त्याला एक यादृच्छिक अंतर्गत ओळखक्रमांक देतो. अ‍ॅड-ऑनचा डेटा 'स्टोरेज' फोल्डरमधल्या 'डीफॉल्ट'मध्ये, त्या क्रमांकाच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये जातो, आणि कोणता क्रमांक कोणत्या अ‍ॅड-ऑनचा याची नोंद 'प्रेफ्स' या फाइलमध्ये असते. नव्या प्रोफाइलमध्ये तेच अ‍ॅड-ऑन टाकलं तर क्रमांक वेगळा मिळतो. त्यामुळे जुना डेटा-फोल्डर तिथे नुसता नेऊन ठेवला तर अ‍ॅड-ऑन त्याच्याकडे बघतही नाही.

क्रोममध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये 'क्रोम://व्हर्जन' (chrome://version) लिहिलं की प्रोफाइलचा पत्ता मिळतो. तिथे 'एक्स्टेन्शन्स' आणि 'लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज' असे दोन फोल्डर आहेत. दोन्हींत प्रत्येक एक्स्टेन्शनचा ३२ अक्षरी आयडीच्या नावाचा उपफोल्डर असतो. स्टोअरमधल्या एक्स्टेन्शनचा हा आयडी कायम तोच राहतो, म्हणून इथे क्रोम बंद असताना त्या आयडीचा डेटा-फोल्डर परत जागेवर ठेवणं बहुतेक वेळा जमतं. काही एक्स्टेन्शन्स 'इंडेक्स्डडीबी' या फोल्डरमध्येही लिहितात, तोही सोबत घ्या.

प्रत हातात आली की मग निदान. पहिला प्रश्न: एकच बंद पडलंय की सगळी एकदम?

सगळी एकदम गेली असतील तर बिघाड बहुधा अ‍ॅड-ऑनमध्ये नसून सहीच्या प्रमाणपत्रात असतो. फायरफॉक्स प्रत्येक अ‍ॅड-ऑनची डिजिटल सही तपासतो. मे २०१९ मध्ये सहीच्या साखळीतल्या मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर फायरफॉक्समधली अ‍ॅड-ऑन बंद झाली. ही तपासणी दर २४ तासांनी होत असल्यामुळे कुणाची लगेच गेली, कुणाची बऱ्याच तासांनी. मोझिलाने ६६.०.४ ही दुरुस्त आवृत्ती काढली आणि अ‍ॅड-ऑन आपोआप परत चालू झाली. ज्यांनी घाईने ती काढून टाकली होती त्यांना दुरुस्ती येईपर्यंत परत टाकताही येईनात, कारण नवं टाकतानाही तीच सही तपासली जात होती. १४ मार्च २०२५ ला मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. तेव्हा फायरफॉक्स १२८ किंवा ईएसआर (सावकाश बदलणारी, जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) ११५.१३ याच्या आधीच्या आवृत्तीवर असलेल्यांना अपडेट करणं हाच उपाय होता. अपडेट टाळल्यानेही अ‍ॅड-ऑन बंद पडू शकतात, ते असं. अशा वेळी संगणकाची तारीखही बघून घ्या. घड्याळ चुकलं असेल तरी सही अवैध ठरू शकते.

एकच बंद पडलं असेल तर सर्वांत सोपं कारण आधी तपासा: परवानगी. अ‍ॅड-ऑनच्या नव्या आवृत्तीला जास्तीची परवानगी हवी असेल तर क्रोम ते बंद करून ठेवतो आणि तुमच्या होकाराची वाट बघतो. फायरफॉक्स होकार मिळेपर्यंत जुनीच आवृत्ती चालवत राहतो, आणि ती नव्या ब्राउझरशी जुळत नसेल तर काम अडतं. दोन्हींत मेन्यूच्या बटणावर एक बारीकशी खूण येते आणि ती सहज नजरेतून सुटते.

क्रोममध्ये टॅम्परमंकीसारखं यूझरस्क्रिप्ट चालवणारं एक्स्टेन्शन चालू दिसतंय पण स्क्रिप्ट एकही चालत नाही, अशी अवस्था असेल तर एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स' पानावर जा. क्रोम १३८ पासून तिथे 'अलाउ यूझर स्क्रिप्ट्स' अशी वेगळी कळ आहे आणि ती स्वतः चालू करावी लागते. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये हेच काम 'डेव्हलपर मोड' चालू करून व्हायचं.

अ‍ॅड-ऑन बाकी सगळीकडे चालतं, पण ठरावीक साइटवर नाही? मग साइट अ‍ॅक्सेसची सेटिंग बघा. फायरफॉक्स ११५ पासून काही साइटवर मोझिलाच्या देखरेखीबाहेरची अ‍ॅड-ऑन चालू न देण्याची सोय आहे; विश्वासातल्या अ‍ॅड-ऑनला त्याच्या तपशील-पानावरून सूट देता येते. किंवा त्या साइटनेच पानाची रचना बदललेली असते आणि ब्राउझर अपडेट त्याच सुमारास आलेला असतो. अपडेट न झालेल्या दुसऱ्या मशिनवर तीच साइट उघडून पाहिली की दोन मिनिटांत उलगडा होतो.

यातलं काहीच नसेल तर फायरफॉक्स 'ट्रबलशूट मोड'मध्ये (सगळी अ‍ॅड-ऑन तात्पुरती बंद ठेवून) उघडून पाहा, नाहीतर 'अबाउट:प्रोफाइल्स'मधून (about:profiles) कोरी प्रोफाइल करून तिथे फक्त ते एक अ‍ॅड-ऑन टाका. कोऱ्या प्रोफाइलमध्ये चाललं तर भांडण दुसऱ्या अ‍ॅड-ऑनशी किंवा तुमच्या बदललेल्या सेटिंगशी आहे. तिथेही नाही चाललं तर अ‍ॅड-ऑन आणि नवा ब्राउझर यांचंच जुळत नाही.

आता अवघड प्रकार: ज्या पायावर अ‍ॅड-ऑन उभं होतं तो पायाच काढून घेतला गेलाय. १४ नोव्हेंबर २०१७ ला आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये हे झालं. जुनी झूल (XUL) पद्धतीची अ‍ॅड-ऑन ब्राउझरच्या अंतर्भागात थेट हात घालत, त्यामुळे आतला कोणताही बदल कुणाचं तरी अ‍ॅड-ऑन मोडायचा. नव्या वेबएक्स्टेन्शन पद्धतीत ठरावीक मार्गांनीच आत जाता येतं. ज्या कामाला मार्गच ठेवला नव्हता ती कामं संपली. ब्राउझरचं जुनं रूप परत आणणारं क्लासिक थीम रिस्टोरर परत येऊ शकलं नाही. डाउनलोड सांभाळणारं डाउनदेमऑल नव्याने लिहून आलं, पण पूर्वीइतकं करू शकत नाही.

क्रोममध्ये तोच प्रकार मॅनिफेस्ट व्ही३ मुळे, म्हणजे एक्स्टेन्शन लिहिण्याच्या नियमांच्या नव्या आवृत्तीमुळे (जुनी ती व्ही२), झाला. पूर्वी जाहिरात-अवरोधक प्रत्येक विनंती स्वतः पाहून अडवायचा. आता त्याला नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे सोपवावी लागते, अडवण्याचं काम ब्राउझर करतो. सोबत येणाऱ्या स्थिर नियमांपैकी ३०,००० ची हमी प्रत्येक एक्स्टेन्शनला मिळते, त्यापुढचे सर्वांच्या सामायिक कोट्यातून. शिवाय पार्श्वभूमीतला कोड काम नसेल तर ३० सेकंदांनी झोपवला जातो. त्यामुळे आपली स्थिती नुसती मेमरीत धरून बसणारी एक्स्टेन्शन्स व्ही३ मध्ये आणल्यावर मधूनच विसरल्यासारखी वागतात. यूब्लॉक ओरिजिन हा जाहिरात-अवरोधक जाऊन यूब्लॉक ओरिजिन लाइट आलं ते याच बदलामुळे. रोजच्या वापराला लाइट पुरतं. स्वतःचे बारीकसारीक फिल्टर लिहिणाऱ्याला त्याची मर्यादा लवकर जाणवते. व्ही२ चालू ठेवण्याची कंपन्यांसाठीची पॉलिसी क्रोम १३९ मध्ये काढली गेली. छुपे फ्लॅग (प्रायोगिक सेटिंग) शोधत बसण्यात अर्थ नाही, पुढच्या एखाद्या आवृत्तीत तेही जातात. ज्यांचं काम मूळ यूब्लॉकशिवाय चालत नाही त्यांनी फायरफॉक्सवर जावं, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथे विनंती अडवण्याची जुनी सोय शाबूत आहे.

मागे जायचं असेल तर ब्राउझर मागे नेऊ नका, अ‍ॅड-ऑन मागे न्या. फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑन साइटवर प्रत्येकाच्या पानावर 'सी ऑल व्हर्जन्स' असा दुवा असतो. नव्यावरच जुनी आवृत्ती टाका, मधे काढू नका, म्हणजे डेटा राहतो. लगेच त्या अ‍ॅड-ऑनच्या तपशील-पानावर 'अलाउ ऑटोमॅटिक अपडेट्स' ऑफ करा, नाहीतर नवी आवृत्ती पुन्हा येईल. नव्या आवृत्तीने डेटाचा साचा बदलला असेल तर जुनीला तो वाचता येणार नाही. आधी घेतलेली प्रत इथे उपयोगी पडते.

क्रोमच्या स्टोअरमध्ये जुन्या आवृत्त्या मिळत नाहीत. तुमच्या प्रतीतल्या 'एक्स्टेन्शन्स'मधला त्या आयडीचा, त्यातला आवृत्तीच्या क्रमांकाचा फोल्डर वेगळ्या जागी काढा आणि 'डेव्हलपर मोड' चालू करून 'लोड अनपॅक्ड'ने तो उघडा. बहुतेकजण अडतात ते इथे: आत अंडरस्कोअरने सुरू होणारा 'मेटाडेटा' नावाचा फोल्डर असतो आणि त्यामुळे क्रोम लोड करायला नकार देतो. तेवढा फोल्डर काढला की काम होतं. अशा एक्स्टेन्शनला पुढे आपोआप अपडेट येत नाही. व्ही२ बंद झालेल्या क्रोममध्ये मात्र व्ही२ एक्स्टेन्शन या वाटेनेही चालणार नाही.

ब्राउझरच मागे न्यायला माझा विरोध आहे आणि तो सुरक्षेसाठी आहे: जुन्या आवृत्तीतली जाहीर झालेली भोकं तशीच उघडी राहतात. तांत्रिक अडचणही आहे. फायरफॉक्स ६७ पासून, नव्या आवृत्तीने वापरलेली प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही, नवी प्रोफाइल करायला सांगते. ते टाळण्याचा कमांडलाइन पर्याय आहे, पण डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, त्यामुळे एकुलत्या एका प्रोफाइलवर तो कधीही वापरू नका. त्यापेक्षा ईएसआर घ्या. ११५, १२८, १४० अशी साधारण वर्षातून एकदा नवी ईएसआर येते आणि मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. त्याने प्रश्न सुटत नाही, पण अ‍ॅड-ऑनच्या लेखकाला आणि तुम्हाला वेळ मिळतो. नेहमीच्या आवृत्तीवरून ईएसआरवर येणं हेही मागेच जाणं असतं, तेव्हा कोरी प्रोफाइल करा आणि अ‍ॅड-ऑनमधून एक्स्पोर्ट केलेल्या फाइली तिथे भरा.

या फाइली आधीच काढलेल्या हव्यात. यूब्लॉकच्या डॅशबोर्डमध्ये पहिल्याच टॅबवर खाली बॅकअपचं बटण आहे. टॅम्परमंकीत 'युटिलिटीज'मधून झिप निघते. त्यात स्क्रिप्टचं स्टोरेज घ्यायची खूण आठवणीने करा, नाहीतर नुसता कोड येतो. साइटचं रूप बदलणाऱ्या स्टायलसमध्ये 'मॅनेज' पानावर 'एक्स्पोर्ट' आहे. मोठ्या अपडेटच्या बातम्या आधीच येतात, त्या दिसल्या की हे एकदा करून ठेवा.

पर्याय शोधताना नाव सारखं म्हणून भुलू नका. बंद पडलेल्या लोकप्रिय अ‍ॅड-ऑनच्या नकला पटकन उगवतात. लेखक कोण, परवानग्या कशाकशाच्या, शेवटचा बदल कधीचा, मालकी अलीकडे बदलली का, हे बघा. न वापरलेले टॅब झोपवणाऱ्या द ग्रेट सस्पेंडरची मालकी २०२० मध्ये बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून ते काढलं. त्याच्यासोबत लोकांचे झोपवलेले टॅबही गेले. तरी ते परत मिळण्यासारखे होते: हिस्टरीत एक्स्टेन्शनचा जो लांबलचक पत्ता दिसतो त्यात 'यूआरआय' आणि बरोबरच्या चिन्हानंतर मूळ पानाचा पत्ता असतो. तेवढा भाग उचलून अ‍ॅड्रेस बारमध्ये टाकला की पान उघडतं.

दोष खरंच अ‍ॅड-ऑनचा किंवा ब्राउझरचा निघाला तर लेखकाला कळवा, आणि त्याला कामी येईल असं कळवा. 'चालत नाही' एवढ्याने काही होत नाही. ब्राउझरची आणि अ‍ॅड-ऑनची नेमकी आवृत्ती, कोऱ्या प्रोफाइलमध्येही होतं का, आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून उघडणाऱ्या ब्राउझर कन्सोलमधली लाल ओळ, इतकं द्या. वेळ असेल तर मोझरिग्रेशन हे साधन वापरा. चालणारी आणि न चालणारी अशा दोन तारखा दिल्या की ते मधल्या तारखेचा फायरफॉक्स वेगळ्या प्रोफाइलमध्ये उघडून देतं; तुम्ही चाललं की नाही एवढंच सांगायचं आणि दर वेळी अंतर निम्मं होतं. दोन महिन्यांचं अंतरही सहा-सात चाचण्यांत एका दिवसावर येतं. शेवटी हाती लागलेली तारीख आणि बदलाचा दुवा तक्रारीत चिकटवला, की लेखकाचा शोधण्यातला बराचसा वेळ वाचतो.