शिडी सापडली, चाचे सुटले

नैऋत्य मोसमी वारे ओसरले की एडनच्या आखातात चाच्यांचा हंगाम सुरू होतो. जून-ऑगस्टच्या लाटांत त्यांच्या स्किफ, म्हणजे लहान वेगवान होड्या, टिकत नाहीत. समुद्र निवळला की मात्र फावतं. आपलं नौदल २००८ च्या ऑक्टोबरपासून तिथे गस्त घालत होतं. त्यानंतरच्या एका हंगामात मी बोर्डिंग टीमचा, म्हणजे संशयित होडीवर चढून झडती घेणाऱ्या तुकडीचा, अधिकारी होतो.

सकाळी चॅनेल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठीच्या रेडिओ चॅनेलवर, एका तेलवाहू जहाजाच्या कॅप्टनचा आवाज आला. दोन स्किफ मागे लागल्या होत्या. अंतर वीसेक सागरी मैल, म्हणजे आम्ही पूर्ण वेगाने निघालो तरी पाऊण तास. चाच्यांना जहाजावर चढायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. म्हणून आधी चेतक हेलिकॉप्टर उडालं. कॅप्टनही खमका निघाला. वेग वाढवून त्याने जहाज असं काही नागमोडी चालवलं की उसळत्या पाण्यात स्किफला बाजूला लागताच येईना. चेतक दिसताच दोघींनी पाठ फिरवली. एक निसटली. दुसरीच्या पुढ्यात इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्यावर तिने इंजिन बंद केलं.

‘पाण्यात काहीतरी फेकतायत,’ पायलटने वरून कळवलं. बंदुकाच असणार, दुसरं काय!

आम्ही रबरी बोटीतून पोचलो तेव्हा सहाजण हात वर करून बसले होते. म्हणे, आम्ही मच्छीमार. मच्छीमारांच्या होडीला ना जाळं, ना बर्फ, ना माशाचा वास. होते ते पेट्रोलचे पिंप आणि मागे दोन दणकट आउटबोर्ड इंजिनं. माझ्या एका मार्कोसने, म्हणजे नौदलाच्या कमांडोने, तळाची फळी उचलली. खाली साचलेल्या तेलकट पाण्यात एके-४७ ची रिकामी काडतुसं पडली होती. आणि पिंपांना करकचून बांधलेली, वरच्या टोकाला आकडे असलेली अ‍ॅल्युमिनियमची लांब शिडी. गाठी सोडायला वेळच मिळाला नसावा. भर समुद्रात मासे धरायला शिडी कशाला लागते, असं विचारल्यावर त्यांच्यातला इंग्रजी बोलणारा एकाएकी इंग्रजी विसरला.

खरी पंचाईत पुढे होती. खुल्या समुद्रात चाच्यांना पकडण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय कायदा कुठल्याही देशाच्या नौदलाला देतो. पण खटला भरायचा तर आपल्याकडे तेव्हा चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. तो आला २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ जहाजावरच्या ३५ चाच्यांना ‘आयएनएस कोलकाता’ने थेट मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केलं, ती बातमी वाचताना मला आमचे सहाजण आठवले.

त्यांचं आम्ही काय केलं? वरून आदेश आला तसं: शिडी, काडतुसं आणि जादा पेट्रोल जप्त, फोटो काढले, किनारा गाठण्यापुरतं इंधन ठेवलं आणि सोडून दिलं. टीममधली पोरं धुमसत होती. त्यांना काय समजावणार? ती स्किफ दक्षिणेकडे निघाली आणि आम्ही पहिल्या स्किफच्या मागावर गेलो. ती काही सापडली नाही.