दोन हजार ज्यूल आणि माझा खांदा

शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झालो त्या रात्री मी वही उघडून एक तक्ता आखला. वर काडतुसांची नावं, डावीकडे जनावरांची. प्रत्येक चौकटीत नळीच्या तोंडाशी वेग किती, १०० मीटरवर ऊर्जा किती, गोळीचं वजन किती. पेशाने मशीन डिझाइनचा माणूस, त्यामुळे आधी आकडे आणि मग विकत घेणं ही सवय हाडात भिनलेली. तीन आठवडे खपून १४ काडतुसांचा तक्ता पुरा केला. कुठली रायफल घ्यायची ते मात्र त्यातून कळेना. पुढचं जवळजवळ वर्ष त्या तक्त्यावर एकेक काट मारण्यात गेलं. प्रत्येक काट का मारली, ते इथे लिहितो.

मी राहतो जर्मनीत, स्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वाबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी. मूळ गाव कुडाळ तालुक्यात. आजोबांकडे, म्हणजे आमच्या अण्णांकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचं दार बंद झालं, आणि ते बंद झालं हेच योग्य. इथली गोष्ट निराळी आहे. रो नावाची लहान हरणं बीच आणि फर या झाडांची रोपं वाढूच देत नाहीत. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचं शेत आडवं करतो, आणि त्याची भरपाई सरकार देत नाही, त्या रानाचा शिकारीचा पट्टा ज्याने घेतलाय त्याच्या खिशातून ती जाते. २०२०च्या सप्टेंबरात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथरोग जर्मनीत पोचला, तेव्हापासून तर डुकरांची संख्या आटोक्यात ठेवणं हे गावागावाचं काम झालंय. शेजारच्या शेतकऱ्याबरोबर एका रात्री मचाणावर बसलो आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासवर्गात नाव घातलं.

वर्ग सहा महिने चालला. प्राण्यांचं शरीरशास्त्र, कायदा, कुत्रे, शस्त्रं, मांसाची स्वच्छता. लेखी, तोंडी आणि नेमबाजी अशा तीन परीक्षा. शिकारीचा विमा काढला, पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी झाली, मान्यताप्राप्त दर्जाची पोलादी तिजोरी भिंतीला बोल्ट केली. हे सगळं वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. खरा प्रश्न सुरू होतो तो बंदुकांच्या दुकानात.

कायद्याची चौकट साधी आहे. रो हरणावर रायफलची गोळी झाडायची तर १०० मीटरवर तिच्यात किमान १,००० ज्यूल ऊर्जा हवी. बाकीच्या मोठ्या खुरवाल्या जनावरांसाठी, म्हणजे रानडुक्कर, लाल हरीण वगैरेंसाठी, गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर हवा आणि १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल. पहिली काट इथेच पडली. .२२३ रेमिंग्टन हे काडतूस १०० मीटरवर साधारण १,३०० ज्यूल देतं, म्हणजे रो हरणाला चालतं, डुकराला नाही. .२४३ विंचेस्टरची गोष्ट जास्त बोलकी आहे. त्याची ऊर्जा २,००० ज्यूलच्या आसपास, कधी वरही जाते, पण गोळी ६.२ मिलिमीटरची. त्यामुळे डुकराच्या दहा किलोच्या पिल्लावरसुद्धा ते चालवता येत नाही. रो हरणासाठी इतकं मवाळ, इतकं अचूक काडतूस दुसरं नसेल. पण मचाणावर बसल्यावर झाडीतून काय बाहेर येईल हे कुणी सांगावं? एकच रायफल घेणाऱ्याने ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं.

२,००० ज्यूलच्या रेषेच्या वर मग पुष्कळ नावं उरली. स्वीडिश ६.५×५५, १०० मीटरवर अडीच हजार ज्यूलच्या आसपास. .३०८ विंचेस्टर, २,८००च्या पुढे. .३०-०६ आणि जुनं जर्मन ८×५७, दोन्ही सव्वातीन हजारांच्या घरात. .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि ९.३×६२, चार हजारांच्या पुढेमागे.

दुकानदाराने .३०० मॅग्नम हातात दिली. त्याचं म्हणणं, "सगळ्यासाठी पुरेल. उद्या मोठा लाल नर समोर आला तर?" मलाही ते पटलं, कारण माझ्या तक्त्यात तोच रकाना सगळ्यात भारी दिसत होता. पण आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात लाल हरणांसाठी ठरवून दिलेली पाचच क्षेत्रं आहेत. त्यातलं जवळचं म्हणजे ट्युबिंगनजवळचं कुंपणातलं शोनबुख. आल्बवर जिथे मला पाहुणा म्हणून शिकारीची परवानगी मिळणार होती, तिथे लाल हरीण नाहीच. तिथे आहेत रो हरणं, आकाराने आपल्या भेकराएवढी, आणि रानडुकरं. जे जनावर माझ्या रानात नाही त्याच्यासाठी मी तीन आठवडे आकडे गोळा करत होतो. तक्त्याची डावीकडची बाजू आधी भरायला हवी होती, वरची नंतर.

तरी मॅग्नम मनातून जाईना. आमच्या प्रशिक्षकांनी वाद घातला नाही. एका शनिवारी ते मला रेंजवर घेऊन गेले आणि एका सभासदाची मॅग्नम मागून घेतली. आधी त्यांच्या .३०८ने पाच गोळ्या मारल्या. १०० मीटरवर पाचही हाताच्या तळव्याखाली झाकतील इतक्या जवळ. मग मॅग्नम. पहिली गोळी बरोबर मध्यात, दुसरी जरा खाली, तिसरी आणखी खाली आणि डावीकडे. पाचवीनंतर तळवा सोडा, दोन्ही पंजे पसरले तरी भोकं झाकली जाईनात. मी म्हटलं, रायफलवरची दुर्बीण ढिली असेल.

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. रायफल घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि परत दिली. मी श्वास अर्धा सोडला, नेम धरला, चाप ओढला. नुसतं 'टक्'. बार झालाच नाही. पण नळीचं तोंड हातभर खाली गेलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, डावा डोळा मिटलेला, खांदा पुढे रेटलेला. त्यांनी आत दारू नसलेलं, लाल प्लास्टिकचं खोटं काडतूस घातलं होतं. बार होताना रायफलचा खांद्याला धक्का बसतो; त्या न बसलेल्या धक्क्याला माझं अंग आधीच घाबरलं होतं. "हा धक्का तुला बसायच्या आधी तू जनावराला बसवतोस," ते म्हणाले. "पोटात."

पोटात गोळी लागलेलं जनावर म्हणजे काय, हे वर्गात आम्हाला दाखवलेलं होतं. ते तासन् तास जगतं आणि किलोमीटरभर जातं. त्या 'टक्'नंतर मॅग्नमवर मी स्वतःहून काट मारली.

त्या रात्री बाबांना फोन केला. अण्णांच्या बंदुकीबद्दल विचारलं. बाबा म्हणाले, "अरे, बार झालो काय अण्णांचो खांदो दोन दिवस काळोनिळो. पण सगळ्या वाडीत डुकर मारी ते अण्णाच." मग थोडं थांबून म्हणाले, "गोळी मोठी आसली म्हणान डुकर मरता असां नाय रे. बार खंय बसलो ता बघूचा."

हेच इतिहासानेही सांगितलेलं आहे. ७×५७ माउझर हे १८९२चं जर्मन काडतूस. इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने त्याला .२७५ रिग्बी असं नाव दिलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटना भेट मिळाली ती रायफल याच काडतुसाची. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे याच काडतुसाने, न फुलणाऱ्या लांब भरीव गोळीने, मेंदूचा अचूक वेध घेऊन. आज हत्तीवर कुणी ते वापरू नये, बहुतेक देशांत कायद्यानेही चालत नाही. पण ऊर्जेचा आकडा म्हणजे परिणाम नव्हे, हे याहून ठळक दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. जनावर ज्यूलने मरत नाही. फुफ्फुसं, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्या आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की मरतं. तिथपर्यंत पोचायला पुरेशी खोली आणि वाटेत पुरेशी रुंदी, इतकंच काडतुसाचं काम.

ही खोली आणि रुंदी ठरवते ती गोळीची घडण, आणि माझ्या तक्त्यात तिचा रकानाच नव्हता. आमच्या राज्यात मोठ्या जनावरांसाठी शिशाच्या गोळ्या २०१६पासून बंद आहेत. शिशाची मऊ टोकाची गोळी आत गेल्यावर फुलते आणि तिचे बारीक कण जखमेच्या भोवती मांसात पसरतात. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी असं मांस खाऊ नये, असा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेचा सल्ला आहे. माझी मुलगी चार वर्षांची, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी तिथेच मिटला. तांब्याची गोळी तुटत नाही. तिचं टोक चार-सहा पाकळ्यांत उघडतं आणि बहुतेक वेळा ती आरपार जाते. आरपार जाणं महत्त्वाचं, कारण बाहेर पडायचं भोक असेल तर रक्ताचा माग जमिनीवर मिळतो. पण पाकळ्या उघडायला वेग लागतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसाच्या आत जास्त जागा खाते. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी, वेगवान गोळी निवडायची. जड म्हणजे चांगली हा शिशाच्या काळातला नियम इथे उलटा पडतो.

शेवटी ६.५×५५ आणि .३०८ या दोघांत सामना उरला. ६.५चा धक्का कमी, गोळी लांब आणि सडपातळ, रो हरणाला फार सुंदर. .३०८ची गोळी ७.८ मिलिमीटरची, डुकरात भोक थोडं मोठं. पारडं झुकलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. २०२०पासून इथे शिकाऱ्यांना सायलेन्सर लावायची मुभा आहे. कान वाचतात, धक्काही कमी होतो, पण रायफल लांब होते आणि मचाणाच्या खिडकीत अडकते. .३०८मध्ये दारू कमी, ती आखूड नळीतही चांगली जळते. ५१ सेंटिमीटरच्या नळीवर सायलेन्सर लावूनही रायफल हाताळता येते. .३०८ घेतली. रायफलची सरकारी नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, ती झाली. १०० मीटरवर नेमाच्या चार सेंटिमीटर वर गोळी लागेल असं दुर्बिणीचं गणित बसवलं. म्हणजे १६०-१७० मीटरपर्यंत नेमात बदल न करता चालतं. माझ्या रानात १२०च्या पुढे मी झाडतच नाही.

मे महिन्यात पहिला रो नर. पहाटे साडेपाच, बीचच्या कोवळ्या पानांतून येऊन तो आडवा उभा राहिला, ७० मीटर. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरला. बार झाला, त्याने मागचे पाय झाडले आणि झाडीत गेला. शिकवल्याप्रमाणे दहा मिनिटं जागचा हललो नाही. मग तो उभा होता तिथे गुडघ्यावर बसून पाहिलं. कापल्यासारखे आखूड केस, आणि गवताच्या पात्यावर फिकट लाल, फेसाळलेलं रक्त. फेस म्हणजे फुफ्फुस. गडद असतं तर यकृत. हिरवट घाण दिसली असती तर पोट, आणि मग कुत्रा बोलवावा लागला असता. ४० पावलांवर तो पडलेला होता. प्रशिक्षक आले, त्यांनी बीचची डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी रक्ताला लावून, टोपीवर ठेवून मला दिली. मी टोपी काढली आणि बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

कातडं काढल्यावर मी जखम मोजली. आत जाताना बोटाच्या टोकाएवढी, बाहेर पडताना नाण्याएवढी. बरगड्यांमधल्या मांसाचा वितभर तुकडा रक्ताळून फुकट गेला, खांदे दोन्ही स्वच्छ. त्याच महिन्यात एका मित्राने वेगवान मॅग्नमने ५० मीटरवर खांद्यावर मारलेला रो नर मी पाहिला होता. त्याचा पुढचा भाग जवळजवळ सगळा टाकावा लागला. १५ किलोच्या हरणात तो फार मोठा तोटा, आणि जनावर काही जास्त लवकर मेलं नव्हतं.

डुकराचं शास्त्र वेगळं. नोव्हेंबरात हाका असतो, आपल्याकडच्यासारखाच. माणसं आणि कुत्री रान उठवतात, आपण ठरलेल्या जागी उभं राहायचं, आणि गोळी जमिनीतच रुतेल असा उतार समोर असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. डुकराच्या पाठीवर केसांचा उंच कणा दिसतो, त्यामुळे नवखा माणूस वरती मारतो. तिथे आत मणक्याचे उभे काटे आहेत. गोळी त्यांना चाटून गेली तर डुक्कर जागीच कोसळतं, माणूस आनंदाने बंदूक खाली करतो, आणि अर्ध्या मिनिटात ते उठून निघून जातं. हृदय आणि फुफ्फुसं खूप खाली आणि पुढे असतात. वर चरबी आणि दाट केस, ते जखमेचं भोक बुजवतात, म्हणून माग थोडा मिळतो. इथे ९.३×६२ची कीर्ती खोटी नाही. १९०५च्या सुमारास बर्लिनच्या ओटो बोक यांनी आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी बनवलेलं हे काडतूस, साडेअठरा ग्रॅमची संथ गोळी, दोन्ही बाजूंना मोठं भोक. ज्याला तो धक्का झेपतो त्याने हाक्यासाठी तेच घ्यावं. माझ्या हिशोबाने सारख्या वजनाच्या रायफलीत .३०८च्या जवळजवळ दुप्पट धक्का आहे.

माझं डुक्कर ३५ मीटरवरून, सावकाश चालत आलं. साधारण ६० किलोची मादी, पिल्लं नसलेली, हे दोनदा तपासून मग झाडली. ७० पावलं गेली. पहिल्या ३० पावलांत रक्ताचा एक थेंब नाही. एकटा असतो तर म्हटलं असतं, गोळी चुकली. माग काढणारी कुत्री आली, बव्हेरियन जातीची, लांब दोरीवर, नाक जमिनीला. दोन मिनिटांत तिने काटेरी झुडपात नेऊन उभं केलं. दोन्ही फुफ्फुसं आरपार. बाहेरचं भोक चरबीने बुजलेलं. डायफ्रामचा आणि पुढच्या पायाच्या स्नायूचा नमुना ट्रायकिनेला या मांसातल्या जंताच्या तपासणीला दिला, अहवाल आल्यावरच मांसाला सुरी लावली. बायकोने त्याचं आपल्या पद्धतीचं, सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचं सुकं केलं. मुलीनेही खाल्लं.

लाल प्लास्टिकचं ते काडतूस प्रशिक्षकांनी मला देऊन टाकलंय. महिन्यातून एकदा रेंजवर जातो. शेजारी उभा असेल त्याला दहा काडतुसं देतो, त्यात दोन खोटी, आणि पाठ फिरवून भरायला सांगतो. गेल्या वेळी 'टक्' झालं तेव्हा नळी हलली नाही.