कागदावरचा मोझार्ट

मावशी युरोप टूरवरून आली की बॅगेतून काय निघणार हे ठरलेलं असतं, फ्रीजवर लावायची मॅग्नेटं, हॉटेलातल्या साबणाच्या चपट्या वड्या आणि चॉकलेटं. या वेळी लाल-सोनेरी कागदातले गोळे निघाले, सुपारीपेक्षा जरा मोठे, वर विगवाल्या मोझार्टचा, म्हणजे त्या जुन्या संगीतकाराचा फोटो. आईनं लगेच "अर्धं अर्धंच घ्या रे, जेवायचंय अजून" म्हणत सुरी फिरवली. आत पिस्ता घातलेलं हिरवट मार्झिपान, त्याभोवती नूगा (हेझलनटचं मऊ सारण), वरून डार्क चॉकलेट. मार्झिपान म्हणजे बदाम-साखरेचं, गोव्यात नाताळाला काजूचं करतात तेच.

पण सुरी? आमच्या वेळी असल्या गोष्टी चिमणीच्या दातांनी तोडायच्या. गोळी फ्रॉकच्या टोकात नाहीतर शर्टात गुंडाळायची, वरून कचकन चावायची की झाली उष्टी न होता, मग मोठा तुकडा कुणाला यावरून भांडण, आणि शर्ट दिवसभर चिकट. चॉकलेटवाल्या गोळ्यांवर हा प्रयोग केलात तर आईच्या हातचा धपाटा (खायचा नव्हे) नक्की. आणि मला तर अशी थरांची गोष्ट एकदम खाताच येत नाही, क्रीमचं बिस्किट उघडून आधी क्रीम दातांनी खरवडायचं, तसंच इथेही आधी वरचं चॉकलेट कुरतडून काढलं. मावशी म्हणाली, काय उंदरासारखा खातोस रे.

तर हा गोळा ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या पाउल फ्युर्स्ट नावाच्या हलवायानं 1890 मधे काढला, तेव्हा नाव होतं मोझार्ट-बॉनबॉन. त्याची करायची पद्धत मला फार आवडली. गोळा लाकडी काडीला टोचायचा, पातळ चॉकलेटमधे बुडवायचा, काडी उभी खोचून गार होऊ द्यायचा, मग काडी काढून तिचं भोकसुद्धा चॉकलेटनं बुजवायचं आणि कागद हातानं गुंडाळायचा. 1905 मधे पॅरिसला सुवर्णपदकही मिळालं. पण पठ्ठ्यानं पेटंटच घेतलं नाही, मग काय, ज्यानं त्यानं मोझार्टचे गोळे वळायला सुरुवात केली, अगदी सीमेपलीकडे जर्मनीतल्या बव्हेरियातसुद्धा. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा ठरलं की 'ओरिजिनल साल्झबर्गर' फक्त फ्युर्स्टच्या घराण्यानंच लिहायचं. बाकीच्यांनी 'अस्सल' लिहायला घेतलं. आपल्याकडे एकाच नावाच्या दुकानांवर 'आमची कुठेही शाखा नाही' लिहितात ना, त्यातलाच प्रकार. फ्युर्स्टचे गोळे निळ्या-चंदेरी कागदात असतात आणि अजून हातानंच बनतात. मावशीनं आणलेले लाल-सोनेरी, म्हणजे कारखान्यातले. मी तिला सांगितलं नाही, उगाच कशाला, खाल्ले तर चांगले सहा.

बाकी ज्याचं तोंड छापलंय त्यानं हा गोळा कधी बघितलाही नाही. तो गेला 1791 मधे, वय अवघं 35, आणि त्याला साल्झबर्गचा, म्हणजे स्वतःच्याच गावाचा, उबगच आला होता. तिथल्या आर्चबिशपची (गावावर राज्य करणाऱ्या बड्या धर्मगुरूची) नोकरी, नोकरांच्या पंगतीत जेवण, बाहेर कार्यक्रम करायचा तर परवानगी. 1781 मधे व्हिएन्नात त्यानं ती सोडली तेव्हा आर्चबिशपच्या माणसानं, काउंट आर्कोनं, त्याला ढुंगणावर लाथ मारून दाराबाहेर काढलं. हे त्यानं स्वतः बापाला पत्रात लिहून कळवलंय.

आता त्याच गावात दुकानाच्या काचेमागे त्याचे चेहरे रचून ठेवलेले असतात, आणि टूरवाले लोकांना रांगेत उभं करून डबे घ्यायला लावतात. लाथ मारणाऱ्याच्या नावाचा गोळा काही कुणी काढला नाही, एवढं मात्र बरं झालं.